शाळेत मुलांची अमली पदार्थ चाचणी: संमतीपत्रावर सही करावी का?

गोदाकाठ
मुलगा यंदा नववीत आहे. परवा शाळेच्या ग्रुपवर एक संमतीपत्र आलं. मजकूर साधारण असा: "आठवी ते दहावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याची, पूर्वसूचना न देता, लघवीची अमली पदार्थ चाचणी घेण्यास पालक म्हणून माझी हरकत नाही." चाचणी कोण करणार, नमुना कुठल्या लॅबला जाणार, पॉझिटिव्ह आली तर मुलाचं काय करणार, यावर चकार शब्द नाही. पालकसभेत विचारलं तर ट्रस्टींपैकी एक जण म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?"

शाळेची काळजी खोटी नाही. मागच्या गल्लीत पंक्चरच्या सोल्युशनच्या पिळलेल्या ट्यूब आणि त्या वासाची फडकी सापडली आहेत. नवरा म्हणतो, "सही करून टाक, आम्ही कंपनीच्या गेटवर रोज दारू तपासायच्या यंत्रात फुंकतोच की!" मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते धड मांडताही येत नाहीये. ज्यांच्या नोकरीत अशा चाचण्या होतात त्यांनी प्लीज अनुभव लिहा. डॉक्टर, वकील असतील तर उत्तमच.

टवाळखोर
आधी ट्रस्टींची करा म्हणावं. नमुना पालक गोळा करतील.

सुलभा_डोंबिवली
मी तरी सही केली असती. आमच्या जवळच्या नात्यातल्या मुलाचं घरी कळलं तेव्हा इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष वाया गेलं होतं. गांजापासून सुरुवात झाली ती अकरावीत. आईबाप दोघं नोकरीला. मुलगा गप्प असतो म्हणजे अभ्यासाचं टेन्शन असेल असं धरून चालले. त्या वेळी कुणी तपासलं असतं तर निदान दोन वर्षं आधी डोळे उघडले असते. मुलांच्या 'प्रायव्हसी'बद्दल बोलणाऱ्यांच्या घरात हे घडलेलं नसतं, एवढं मात्र खरं.

लॉबीवाला
रेल्वेत आहे, गाडी चालवतो. लॉबीत, म्हणजे आमच्या हजेरीच्या खोलीत, यंत्रात फुंकल्याशिवाय आमचं साइन-ऑन (ड्युटीवर रुजू होणं) होत नाही. ड्युटी संपवून आलो की साइन-ऑफलाही परत फुंका. फोटो निघतो, नोंद संगणकात जाते. यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण मागे हजार-बाराशे माणसं झोपलेली असतात.

पण यंत्रावर आंधळा विश्वास कुणाचाच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने फतवा काढला होता की ड्युटीवर येण्याआधी क्रूने शहाळं, काही जातींची केळी, खोकल्याचं औषध, माउथवॉश, होमिओपॅथीच्या गोळ्या यातलं काही घ्यायचं नाही. फुंकल्यावर आकडा यायचा आणि लोक म्हणायचे, केळं खाल्लं होतं. एवढा आरडाओरडा झाला की आदेश मागे घ्यावा लागला.

बरका_की_कापा
@लॉबीवाला, केळ्याचं काय घेऊन बसलात! जुलै २०२५ ला केरळातल्याच पंदळम आगारात एसटीच्या (म्हणजे त्यांच्या एसटीच्या) ड्रायव्हर मंडळींनी सकाळी पिकलेला फणस खाल्ला आणि सगळे यंत्रात नापास. कुणी प्यायलेलं नव्हतं. मग चांगला पास झालेला माणूस पकडला, त्याला गरे खायला घातले, पुन्हा फुंकायला लावलं, तोही नापास!

आम्ही रत्नागिरीकर. बरका फणस दोन दिवस जास्त पिकला की काय होतं ते आम्हाला यंत्राशिवाय कळतं.

टवाळखोर
म्हणजे मे महिन्यात अख्ख्या कोकणाचं लायसन्स रद्द.

टेस्टट्यूब
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे, म्हणून जरा सविस्तर.

फुंकायचं यंत्र फक्त अल्कोहोल पाहतं, तेही आत्ताचं. चांगल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलचं प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून वीज निघते ती मोजतात. स्वस्त यंत्रात सेमीकंडक्टरचा सेन्सर असतो. तो अल्कोहोल सोडून इतर वाफांनाही भुलतो. साखर फार वाढलेल्या मधुमेही माणसाच्या श्वासातलं ॲसिटोनसुद्धा त्याला दारू वाटू शकतं. फणस, माउथवॉश, कफ सिरप यांचं अल्कोहोल तोंडात असतं, रक्तात जवळपास नसतं. चूळ भरून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की ते उडून जातं. म्हणून पहिला आकडा आला की थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावणं हा नियम हवाच. दशमूलारिष्ट, कुमारी आसव वगैरेंत मुरताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, ५ ते १० टक्क्यांपर्यंत. बाटलीवर लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

लघवीची चाचणी हे वेगळंच प्रकरण. ती माणूस आत्ता नशेत आहे का हे सांगतच नाही. पदार्थ शरीरात येऊन गेल्यावर उरलेले अंश ती दाखवते. कोकेनचे अंश दोन-चार दिवस राहतात. गांजाचे एखाद्या वेळी ओढणाऱ्यात काही दिवस आणि रोज ओढणाऱ्यात काही आठवडे. पट्टीवाला किट ही फक्त चाळणी असते, सर्दीच्या काही गोळ्यांनीही त्यावर ॲम्फेटामिनची रेघ येऊ शकते. खात्री करायची तर तोच नमुना जीसी-एमएस या पदार्थ नेमका ओळखणाऱ्या महागड्या यंत्रावर चालवावा लागतो. तो खर्च शाळा करणार आहे का, हे विचारा.

आणि @गोदाकाठ, मुख्य मुद्दा तुमच्याच पोस्टमध्ये आहे. गल्लीत काय सापडलं? सोल्युशन. त्यात टोल्युइनसारखी द्रावकं असतात. बाजारातल्या पाच किंवा दहा पदार्थांच्या किटवर ती दिसतच नाहीत. टोल्युइनसाठी लघवीतलं हिप्प्युरिक आम्ल तपासायची एक पद्धत आहे, पण सोडियम बेंझोएट घातलेलं बाटलीबंद सरबत प्यायलं तरी ते वाढतं. म्हणजे ज्या नशेची भीती आहे ती सोडून बाकी सगळं तपासणार.

गोदाकाठ
@टेस्टट्यूब, हे डोक्यातच आलं नव्हतं. किट कुठलं आहे ते शाळेत विचारते.

तिसरी_पाळी
ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा, गेटवर फुंकण्यातही भरपूर राजकारण असतं. चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीत युनियनचं काम करतो. नाव लिहीत नाही.

आमच्याकडे यंत्र आलं तेव्हा ते वॉचमनच्या हातात दिलं होतं. गेटवर रांग, सगळ्यांसमोर फुंका, आकडा आला की बाजूला उभं राहा. कायम कामगाराला मेमो, कंत्राटी असेल तर तिथूनच घरी, त्या दिवसाची हजेरी गेली आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ठेकेदार दुसराच माणूस पाठवायचा. स्टाफची बस दुसऱ्या गेटने आत यायची, तिथे यंत्र नव्हतं. आता प्रेसवर हात जातो तो कामगाराचा हे कबूल, म्हणून चाचणीला आमचा विरोध नव्हताच. पण क्रेन आणि फर्नेसचा निर्णय घेणारा साहेब रात्रीची उतरलेली नसताना आला तर?

पुष्कळ भांडून आम्ही हे मिळवलं: फर्स्ट-एड रूममध्ये नर्ससमोर चाचणी, आकडा आला तर वीस मिनिटांनी पुन्हा, दुसऱ्यांदाही आला तर कामावर नाही पण त्या दिवसाची रजा टाकता येते, आणि दोन्ही गेटला एकच नियम. पहिल्या खेपेला शिक्षा नाही, समुपदेशन. तेव्हापासून लोक स्वतःहून सांगतात की आज यंत्र चालवत नाही, पॅकिंगला टाका. आधी हे कुणी सांगितलं नसतं.

२०१८ मध्ये पंजाबात अमरिंदर सिंग सरकारने सगळ्या सरकारी कर्मचाऱ्यांची डोप टेस्ट करायचं जाहीर केलं तेव्हा कर्मचारी संघटनांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता: मंत्री-आमदारांची कधी? मग काही पुढारी कॅमेरे घेऊन हॉस्पिटलात गेले नमुना द्यायला. @टवाळखोर, तुमचा विनोद जुना आहे बरं का.

टवाळखोर
जुना विनोद आणि जुना आसव, दोन्ही चढतात.

विमानतळ_रोड
विमान क्षेत्रात आहे म्हणून लिहिते. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम फार कडक. उड्डाणाआधीचे १२ तास मद्य नाही आणि यंत्रावर शून्यच यायला हवं. पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. २०२३ च्या मसुद्यात माउथवॉशबरोबर परफ्यूमचाही उल्लेख होता, त्यावरून आमच्या ग्रुपवर किती मीम्स फिरले ते विचारू नका. उन्हाळ्यात आठ तासांचं सेक्टर आणि परफ्यूम नाही!

पण इतर नशेच्या पदार्थांचा नियम वेगळा आहे आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक, हवाई नियंत्रक वगैरेंची अचानक चाचणी होते, दरवर्षी किमान १० टक्के लोकांची. गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, ॲम्फेटामिन, बार्बिट्युरेट, बेंझोडायझेपिन असा पट आहे. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली की माणूस कामावरून बाजूला, नमुना पक्क्या तपासणीला. ती पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली तर व्यसनमुक्ती केंद्रात पाठवतात, उपचार पूर्ण झाल्यावर परतीचा रस्ता आहे. तीनशे प्रवासी घेऊन उडणाऱ्या माणसासाठी ही वाट लिहून ठेवलेली असते, आणि नववीतल्या पोरासाठी तुमच्या शाळेने एक ओळ लिहिलेली नाही.

खलाशी
बोटीवर श्वासात लिटरला ०.२५ मिलिग्रॅम किंवा रक्तात ०.०५ टक्के, एसटीसीडब्ल्यू या खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराची मर्यादा. बहुतेक कंपन्या शून्यच ठेवतात. एक्सॉन व्हॅल्डेझ हे तेलवाहू जहाज २४ मार्च १९८९ ला अलास्कात खडकावर चढलं, कप्तानाच्या रक्ताचा नमुना घेतला तो तब्बल दहा-साडेदहा तासांनी. नशेच्या आरोपातून तो कोर्टात सुटला. चाचणी कधी घेतली याला चाचणीइतकंच महत्त्व आहे. सिग्नल जातोय, बाकी नंतर.

पंचनामा
वकील आहे, पण हा कायदेशीर सल्ला नव्हे.

@खलाशी यांचा मुद्दा आपल्याकडेही लागू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. १९७१ च्या बचूभाई हसनअली करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून माणूस प्यायला होता हे पक्कं ठरत नाही, रक्ताची तपासणी हवी. आणि रक्त घेतलं तरी ते त्याच माणसाचं आहे याची साखळी सांभाळावी लागते. २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, हे सगळ्यांना आठवत असेल. तिथे पोलीस होते, सरकारी यंत्रणा होती. शाळेत पीटीचे सर डब्या गोळा करणार. आठवीतली मुलं डब्या अदलाबदल करणार नाहीत असं कुणाला वाटतं?

शाळेच्या बाबतीत अमेरिकेतले दोन निकाल वाचण्यासारखे आहेत. ओरेगॉनमधल्या व्हर्नोनियात सातवीतल्या एका मुलाला फुटबॉल खेळायचा होता. त्याने आणि आईबापांनी चाचणीच्या संमतीपत्रावर सही करायला नकार दिला, म्हणून त्याला संघात घेतलं नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. २००२ मध्ये ओक्लाहोमाच्या प्रकरणात गायनवृंद, वादविवाद अशा सगळ्या स्पर्धांमधल्या मुलांपर्यंत ते वाढवलं, पण पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. दोन्ही ठिकाणी शाळेच्या नियमात मुलाचा निकाल पोलिसांकडे जात नव्हता आणि नापास झाल्याची शिक्षा खेळ किंवा स्पर्धा बंद, एवढीच होती. ट्रस्टींना अमेरिकेचं उदाहरण द्यायचं असेल तर ते पूर्ण द्यावं.

अप्पा_न्यूजर्सी
वकीलसाहेबांनी शाळेचं लिहिलं, मी ट्रकचं लिहितो. इथे एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली. १९८७ च्या जानेवारीत मेरीलँडमध्ये चेस इथे रेल्वे अपघात झाला, १६ माणसं गेली, मालगाडीच्या इंजिनावरचे दोघे गांजा ओढलेले निघाले. त्यानंतर दबाव वाढत गेला आणि १९९१ मध्ये वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा झाला.

शिस्त बघा. संडासाच्या टाकीत निळं पाणी, म्हणजे कुणी तेच पाणी नमुना म्हणून भरून आणू नये. नमुना दिल्यावर चार मिनिटांच्या आत तापमान बघायचं, ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या बाहेर असेल तर संशय. नमुन्याचे दोन भाग, दुसरा सीलबंद राखून ठेवतात, ड्रायव्हरला वाटलं तर तो दुसऱ्या लॅबला जातो. लघवी होत नसेल तर तीन तास थांबतात, पाणी देतात. आणि पॉझिटिव्ह आलं तरी कंपनीला थेट कळत नाही. आधी एक डॉक्टर त्या माणसाला फोन करून विचारतो, बाबा, कुठलं औषध चालू आहे का? प्रिस्क्रिप्शन निघालं तर निकाल निगेटिव्ह म्हणून जातो.

हे सगळं का आलं? चुका झाल्या म्हणून. इथे खसखस (म्हणजे अफूच्याच झाडाच्या बिया) लावलेला पाव खातात. त्यावरून लघवीत मॉर्फीन दिसायचं आणि नोकऱ्या धोक्यात यायच्या. १९९८ मध्ये मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. तरीही २०२३ मध्ये लष्कराच्या लोकांना खसखस टाळा म्हणून सूचना निघालीच.

सुगरण
थांबा थांबा, म्हणजे अनारसे??

अप्पा_न्यूजर्सी
@सुगरण, दिवाळीत आमच्या मंडळात हा प्रश्न दरवर्षी निघतो. मी ड्रायव्हर लोकांना सांगतो, चिवडा खा.

सुगरण
दुबईला जाणाऱ्यांनी तर खसखस बरोबर नेऊच नका, तिथे बंदी आहे. सिंगापूरलाही. आमच्या वहिनींनी मसाल्याच्या डब्यातून काढून ठेवली ऐनवेळी. अवांतराबद्दल क्षमस्व. पण खसखशीशिवाय अनारसा जाळीदार पडतो का, यावर वेगळा धागा काढायला हवा.

संपादक मंडळ
अनारशांसाठी पाककृती विभाग आहे. इथले त्यावरचे पुढचे प्रतिसाद हलवले आहेत.

मनमोकळी
व्यसनमुक्ती क्षेत्रात समुपदेशक आहे. शाळांमध्ये बोलायला जाते.

@सुलभा_डोंबिवली, तुमच्या नात्यातल्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमची तगमग समजते. पण आमच्याकडे येणाऱ्या मुलांचं बोलणं ऐकलं तर चाचणीने नेमकं काय होतं ते दिसतं. तपासणी आहे कळलं की मुलं किटमध्ये न सापडणाऱ्या वस्तूंकडे वळतात, आणि त्या बहुतेक वेळा जास्त घातक असतात. सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. २०१२ मध्ये केंद्राने बाटलीतला व्हाइटनर आणि थिनर विकायला बंदी आणली ती याच कारणाने. द्रावक हुंगण्यात पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून मूल दगावू शकतं. गांजा पकडायच्या नादात मूल त्या फडक्याकडे गेलं तर आपण काय मिळवलं?

दुसरं म्हणजे गळती. ज्या मुलाला खरोखर मदत हवी तो चाचणीच्या धाकाने शाळेत यायचंच बंद करतो. मग कसली समुपदेशनं! अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिआट्रिक्सने, शाळांमधल्या अशा सरसकट चाचण्यांना विरोधच केला आहे. निदानासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत, एका मुलाची चाचणी करणं वेगळं.

आणि देणाऱ्याचं काय? बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलांना दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गल्लीतल्या दुकानात जाऊन "शाळेच्या गणवेशातल्या पोरांना सोल्युशन विकू नका" असं एवढ्या ट्रस्टींपैकी कुणी सांगितलं का? ते फुकटात होतं.

सुलभा_डोंबिवली
@मनमोकळी, मान्य, पण 'मोकळेपणाने बोला' हा सल्लाही आम्ही खूप ऐकला. त्या मुलाशी त्याची आई रोज बोलायची. तो रोज खोटं बोलायचा. शेवटी रिपोर्टचा कागद समोर ठेवला तेव्हा तो पहिल्यांदा रडला. कागदालाही किंमत असते.

मनमोकळी
असते. तो कागद कुणाच्या हातात होता? आईच्या. वर्गशिक्षकांच्या असता, शाळेच्या ग्रुपवर असता, तर?

तिसरी_पाळी
आमच्याकडे पहिल्या वर्षी नावं नोटीस बोर्डावर लागायची. एकाची सोयरीक मोडली. ह. घ्या. (हलकं घ्या) म्हणायची सोय नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. किटचं पत्रक पाहायला मिळालं. गांजा, अफूजन्य, ॲम्फेटामिन, कोकेन, बेंझोडायझेपिन. सोल्युशन नाही. विक्रेता पालक संघातल्या एकाच्या ओळखीचा आहे, पक्क्या तपासणीची काहीही सोय नाही, आणि "निकाल शाळेच्या दप्तरी राहील". नवऱ्यालाही तिसरी_पाळींचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांच्या कंपनीतही स्टाफचं गेट वेगळं आहे म्हणे. सध्या सही थांबवली आहे.

मुलालाही विचारलं. तो म्हणाला, "कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे, सर सोडून."

पंचनामा
सही नाकारण्यापेक्षा लेखी प्रश्न द्या, पोच घ्या. पक्की तपासणी कुठे, दुसरा नमुना राखणार का, निकाल फक्त पालकांना देणार का, किती दिवसांनी नष्ट करणार, आणि पॉझिटिव्ह आल्यास मुलाला शाळेतून काढणार नाही हे लिहून देणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं तर काय ते समजा. मुलांची माहिती हाताळण्याबद्दल २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वेगळी तरतूद आहे, तिचा उल्लेख पत्रात असू द्या.

सुलभा_डोंबिवली
हे सगळं लिहून मिळालं तर सही कराल ना, पण?

लॉबीवाला
मी नाही करणार. मी फुंकतो ते चोवीस डब्यांसाठी. पोराच्या मागे एकही डबा जोडलेला नाही.

सुलभा_डोंबिवली
घर जोडलेलं असतं, दादा.